आठवीच्या अर्जावर पेन्सिलीने लिहिलेला ‘क’: हायस्कूलच्या चालकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
मा. मुख्याध्यापक,
तसेच मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद

विषय: आठवीत येणाऱ्या मुलांच्या गुणांनुसार पाडलेल्या तुकड्या आणि त्यामुळे त्यांचे बंद होणारे विषयांचे पर्याय

महोदय,

मी आपल्या तालुक्यातील एका गावच्या सहकारी दूध संस्थेत सचिव आहे. माझी मुलगी सातवीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली आणि यंदा जूनमध्ये आपल्या हायस्कूलला आठवीत दाखल झाली. मी स्वतः याच हायस्कूलमधून 1998 साली दहावी झाले, त्यामुळे शाळेविषयी माझ्या मनात जे आहे ते आधी कृतज्ञतेचे आहे आणि मग तक्रारीचे. गेल्या दीड महिन्यात मी दोनदा समक्ष भेटले आणि एकदा लेखी अर्ज दिला, पण माझ्या प्रश्नांना उत्तर मिळाले नाही. म्हणून आता हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. शाळेचे नाव मी मुद्दाम घातलेले नाही, कारण आजूबाजूच्या तालुक्यांतील पालकांशी बोलल्यावर असे दिसले की ही रीत एकट्या आपल्या शाळेची नाही.

प्रवेशाच्या दिवशी मी मुलीला घेऊन कार्यालयात आले. अर्जाच्या दुसऱ्या पानावर ‘माध्यम’, ‘द्वितीय भाषा’ आणि ‘तुकडी’ असे तीन रकाने होते. आम्ही घरी ठरवून आलो होतो की गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, म्हणजे सेमी इंग्रजी घ्यायचे, आणि हिंदीसोबत संस्कृत घ्यायचे. मी पेन उघडले तेव्हा खिडकीतले लेखनिक म्हणाले, “ताई, ते रकाने रिकामे ठेवा, परीक्षा झाली की आम्ही भरू.” कोणती परीक्षा, हे मला तिथे पहिल्यांदा कळले. शाळा सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी मुलांची 50 गुणांची, एका तासाची चाचणी झाली, आठवड्याने सूचना फलकावर याद्या लागल्या, आणि नंतर मी अर्ज पाहायला मागितला तेव्हा त्या तीन रकान्यांत पेन्सिलीने लिहिलेले होते: मराठी, हिंदी, क. खाली माझी सही होती. ती मी रिकाम्या रकान्यांखाली केलेली सही होती.

त्या चाचणीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. गणिताच्या प्रश्नांतील संज्ञा इंग्रजीत होत्या. दोन संख्यांचा एचसीएफ काढा, असा एक प्रश्न होता. माझी मुलगी पाचवीपासून मसावि आणि लसावि काढते, मोठ्या संख्यांचे अवयव पाडायला तिला कागदही लागत नाही, पण एचसीएफ म्हणजे मसावि हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. तिने तो प्रश्न सोडून दिला. घरी आल्यावर तिने मला विचारले, आणि मी सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. गावातून येणाऱ्या मुलांपैकी अनेकांचे असेच झाले. तालुक्याच्या गावातल्या ज्या शाळांत पाचवीपासून सेमी इंग्रजी आहे, तिथल्या मुलांना हे शब्द रोजचे आहेत. म्हणजे चाचणी गणिताची म्हणून झाली, पण मोजले गेले ते मूल कोणत्या शाळेतून आले हेच. ‘क’ आणि ‘ड’ च्या याद्या काढून पाहाव्यात. त्या तुकड्यांत जिल्हा परिषद शाळांतून आलेली मुले किती आणि ‘अ’ मध्ये किती, हा हिशेब शाळेकडे असलेल्या दाखल्यांवरून अर्ध्या तासात होईल.

शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 13 प्रमाणे प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी करता येत नाही, आणि हा कायदा आठवीपर्यंत लागू आहे. ही गोष्ट मी मांडली तेव्हा मला सांगण्यात आले की ही परीक्षा प्रवेशासाठी नाही, प्रवेश सर्वांनाच दिला आहे, परीक्षा फक्त तुकडी ठरवण्यासाठी आहे. शब्दांपुरते ते खरे आहे. पण ज्या शाळेत तुकडीबरोबर माध्यम, भाषा आणि शिक्षकही ठरतात, तिथे एका फाटकातून सर्वांना आत घेऊन आत चार वेगवेगळ्या शाळा भरवल्यासारखे होते. चाळणी फाटकाबाहेर लावली काय आणि आत लावली काय, मुलाच्या वाट्याला येणारे तेच आहे.

आपल्याकडे ‘अ’ तुकडीला सेमी इंग्रजी आणि संयुक्त हिंदी-संस्कृत, ‘ब’ ला सेमी इंग्रजी आणि पूर्ण हिंदी, आणि ‘क’ व ‘ड’ ला सर्व विषय मराठीतून आणि पूर्ण हिंदी अशी वाटणी आहे. ही वाटणी राज्य मंडळाने केलेली नाही. मंडळ पर्याय देते, मुलाने कोणता घ्यावा हे गुणांवर ठरवत नाही. संयुक्त भाषेत हिंदीला 50 आणि संस्कृतला 50 गुण असतात, आणि आठवीत संस्कृतचा आरंभ वर्णमाला आणि शब्दरूपांपासून होतो, तेव्हा ‘अ’ मधले मूलही पहिल्या दिवशी तितकेच नवे असते. मग त्या एका तासाच्या चाचणीतले गुण आणि संस्कृत शिकण्याची पात्रता यांचा संबंध काय? माझे सासरे वारकरी आहेत, त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून मुलीला गीतेचा पंधरावा अध्याय पाठ आहे आणि तिला त्याचा अर्थ स्वतः लावायचा आहे. तिने वर्गात संस्कृतविषयी विचारले तेव्हा तिला उत्तर मिळाले की संस्कृत ‘अ’ ला असते. तेरा वर्षांच्या मुलीने यातून संस्कृतविषयी आणि स्वतःविषयी काय समजायचे, हे आपणच सांगावे.

इथे माझ्या म्हणण्याचा एक गैरसमज होऊ शकतो, तो दूर करते. मराठीतून विज्ञान शिकणे कमी प्रतीचे आहे, असे मी मुळीच मानत नाही. मी स्वतः मराठीतून शिकले आणि आज संस्थेचा लेखा-जोखा, संगणकावरील नोंदी, लेखापरीक्षण हे सगळे सांभाळते. शिक्षण हक्क कायद्यातही शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. माझा आक्षेप असा आहे की शाळेने मराठी माध्यम फक्त खालच्या तुकड्यांना देऊन त्याला कमीपणाची खूण करून टाकले आहे. आमच्या शेजारचा मुलगा ‘अ’ मध्ये आहे. संध्याकाळी तो ओट्यावर बसून विज्ञानाची इंग्रजी उत्तरे मोठ्याने पाठ करतो, आणि ‘रिफ्लेक्शन’ म्हणजे परावर्तन, आरशात आपण पाहतो तेच, असे सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळतो. त्याला मराठीतून शिकायचे आहे, हे त्याने आईला सांगितलेही. पण त्यासाठी ‘क’ मध्ये जावे लागेल, आणि ‘अ’ मधून ‘क’ मध्ये गेलेल्या मुलाकडे गाव कसे पाहील या भीतीने घरचे तयार नाहीत. माझ्या मुलीला इंग्रजीतून हवे होते, तिला मिळाले नाही. त्याला मराठीतून हवे आहे, त्याला घेता येत नाही. दोघांवरही अन्याय एकाच रीतीने झाला आहे.

हे आठवीपुरते राहिले असते तर कदाचित मी सोसले असते. पण अकरावी विज्ञानाचे शिक्षण आपल्याकडे व्यवहारात इंग्रजीतूनच होते. तीन वर्षे त्वरण, संवेग, विद्युतधारा असे शिकलेल्या मुलाला अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात हे सगळे शब्द नव्याने शिकावे लागतात, आणि ते शिकेपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो. अशी कितीतरी मुले जिद्दीने तरून जातात, हे मला माहीत आहे. पण ही वाट अवघड आहे हे मुलाला आणि पालकाला आठवीत सांगितले पाहिजे, म्हणजे ते विचार करून निवडतील किंवा तयारी तरी करतील. आपण सांगितले नाही. राज्यात घेतली गेलेली कलचाचणीसुद्धा दहावीच्या मुलांसाठी होती, म्हणजे माध्यम आणि भाषा ठरून दोन वर्षे झाल्यानंतर. ज्या वर्षी खरोखर वाटा फुटतात त्या वर्षी मुलाला काय आवडते हे विचारणारे कोणी नसते. पालकसभा झाली ती कामाच्या दिवशी, सकाळी 11 वाजता, ऐन पेरणीत. गावाकडचे पालक आले नाहीत याची नोंद मात्र इतिवृत्तात झाली.

‘क’ तुकडीला गणिताच्या शिक्षकाची जागा रिक्त असल्याने तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणारे, शिक्षक आहेत आणि ते मन लावून शिकवतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण वर्षानुवर्षे अनुभवी शिक्षक ‘अ’ कडेच का जातात आणि रिक्त जागेची झळ दरवर्षी ‘क’ नेच का सोसायची, याचे कारण कळले पाहिजे.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेविषयी (एनएमएमएस) मला अधिक वाईट वाटते. ही परीक्षा आठवीच्याच मुलांसाठी असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत असावे आणि सातवीला 55 टक्के गुण असावेत, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना 50 टक्के, या तिच्या मुख्य अटी आहेत. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. शेतमजुराच्या घरी ही रक्कम म्हणजे मुलीचे शिक्षण सुरू राहणे किंवा थांबणे. गेल्या वर्षी या परीक्षेचे अर्ज आणि तयारीचे तास ‘अ’ आणि ‘ब’ मध्येच झाले, असे ‘क’ मधील पालकांनी मला सांगितले. उत्पन्नाच्या अटीत बसणारी मुले सर्वांत जास्त आहेत ती ‘क’ आणि ‘ड’ मध्ये. माझ्या मुलीला सातवीला 78 टक्के आहेत. तुकडीचे अक्षर पाहून कोणाचाही अर्ज मागे ठेवता येत नाही.

आणखी एक गोष्ट लिहिताना हात अडतो, पण लिहिते. नववीच्या निकालानंतर ‘क’ आणि ‘ड’ मधील काही पालकांना बोलावून सांगितले जाते की मुलाला दहावी झेपणार नाही, दाखला काढा आणि 17 नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्याचा, फॉर्म भरा. ही सोय शाळा सुटलेल्यांना पुन्हा परीक्षेला बसता यावे म्हणून आहे. शाळेत येणाऱ्या, रोज हजर असणाऱ्या मुलाला शाळेबाहेर काढून त्या सोयीकडे पाठवणे म्हणजे शाळेचा निकाल राखण्यासाठी मुलाचे वर्ष पणाला लावणे. आमच्या संस्थेत दूध घालणाऱ्या एका सभासदाची मुलगी अशीच बाहेर पडली. तिने फॉर्म भरला नाही, कारण तो कुठे भरायचा हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आता ती सकाळी दूध घेऊन येते आणि कॅन मापाला लावताना माझ्याशी शाळेविषयी बोलत नाही.

आमच्या संस्थेत प्रत्येक सभासदाच्या दुधाची फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन पदार्थ) सकाळ-संध्याकाळ, वर्षाचे 365 दिवस तपासली जाते. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हे प्रमाण धरून दर निघतो. एखाद्या सकाळी फॅट कमी लागली तर आम्ही संध्याकाळी पुन्हा नमुना घेतो, कारण चारा बदललेला असतो, पाऊस असतो, जनावर आजारी असते. एका सकाळच्या नमुन्यावर मी कोणाच्या तीन वर्षांच्या दुधाचा दर ठरवला, तर सभासद संस्थेला कुलूप लावतील आणि ते योग्यच ठरेल. आपल्या हायस्कूलमध्ये मुलाची चाचणी जूनच्या एका सकाळी होते आणि दहावीपर्यंत पुन्हा कोणी नमुना घेत नाही. माझ्या मुलीच्या वर्गशिक्षकांनीच मला सांगितले की आठवीत लागलेली तुकडी सहसा बदलत नाही.

माझ्या वेळी याच इमारतीत तुकड्या हजेरीच्या क्रमाने पाडत. माझ्या बाकावर डॉक्टरांची मुलगी होती आणि मागे बाजार समितीतल्या हमालाचा मुलगा होता. भूमितीचे प्रमेय आम्हा दोघींना त्याने समजावले. गुणांवर वाटणी झाली असती तर तो आमच्या वर्गात आलाच नसता, आणि नुकसान आमचे झाले असते.

शाळेच्या अडचणी मला समजतात. शिक्षकांची पदे संचमान्यतेने, म्हणजे पटसंख्येवरून मिळणाऱ्या सरकारी मंजुरीने, ठरतात, वर्गखोल्या मोजक्या आहेत, एका वर्गात तीन प्रकारचे विषय शिकवता येत नाहीत. पण त्यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. तुकड्या संमिश्र ठेवाव्यात, मराठी, इतिहास, भूगोल, इंग्रजी, खेळ, कला हे सर्व एकत्र व्हावे, आणि चारही तुकड्यांचे गणित-विज्ञानाचे तास वेळापत्रकात एकाच वेळी ठेवून त्या वेळेपुरती मुले माध्यमाप्रमाणे गटांत बसावीत. भाषेच्या तासालाही तसेच करता येईल. शिक्षक तेच, खोल्या त्याच, तासही तेवढेच. फरक एवढाच पडेल की मुलाच्या नावापुढचे अक्षर त्याची हुशारी सांगणार नाही.

मी आणि माझ्यासोबत सह्या करणारे पालक पुढील मागण्या करीत आहोत.

आठवीच्या तुकड्या गुणांवर पाडणे पुढील वर्षापासून बंद करावे, आणि यंदाच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीपूर्वी माध्यम व भाषा पुन्हा निवडण्याची एक संधी द्यावी. सेमी इंग्रजीकडे येऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी पारिभाषिक शब्दांचा महिनाभराचा सेतू वर्ग घ्यावा. कोरोनाच्या काळात 2021 साली राज्याने 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला होता, तेव्हा ही कल्पना शाळेला नवी नाही. नववीत जातानाही बदलाची वाट उघडी ठेवावी, दोन्ही दिशांनी.

पर्यायांची माहिती देणारे एक पान, साध्या मराठीत, एप्रिलमध्येच परिसरातील सर्व जिल्हा परिषद शाळांतील सातवीच्या मुलांपर्यंत पोहोचवावे. त्यात कोणत्या पर्यायाने पुढे काय सोपे जाते आणि काय अवघड, हे स्पष्ट लिहावे. आपल्याकडे नववीपासून व्यावसायिक विषय घेण्याची सोय आहे, तो भाषेच्या जागी घेता येतो, हेही त्यात असावे. सध्या तो ‘ड’ तुकडीतील मुलांनाच सुचवला जातो आणि मुलींना तर विचारलेही जात नाही. ऑटोमोबाईल शिकायची इच्छा ‘अ’ मधल्या मुलालाही असू शकते आणि मुलीलाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यावसायिक आणि इतर शिक्षण यांच्यातील कठोर भिंती काढा असे म्हटले आहे, आणि आपण त्या धोरणाचा फलक प्रवेशद्वाराजवळ लावलेला आहे.

पर्यायाचे रकाने पालक आणि मूल यांनी स्वतः, शाईने भरावेत आणि त्याची प्रत पालकाला मिळावी. पालकसभा रविवारी किंवा संध्याकाळी घ्यावी. एनएमएमएसचे अर्ज पात्र असलेल्या प्रत्येक मुलाला, तुकडी न पाहता द्यावेत. हजर असलेल्या एकाही मुलाला 17 नंबरच्या फॉर्मकडे वळवू नये, आणि आजवर ज्यांना वळवले त्यांची यादी करून ती मुले परीक्षेला बसली की नाही याचा शाळेने शोध घ्यावा.

मा. शिक्षणाधिकारी साहेबांना विनंती आहे की वार्षिक तपासणीत तुकड्या कशाच्या आधारावर पाडल्या हे विचारावे आणि कलम 13 च्या प्रकाशात या चाचणीविषयी आपले लेखी मत शाळेला कळवावे. गणिताविषयीही एक म्हणणे मंडळापर्यंत पोहोचवावे. पूर्वी राज्य मंडळात सामान्य, म्हणजे सोप्या, गणिताचा पर्याय होता, तो बंद झाला. केंद्रीय मंडळाने (सीबीएसई) 2020 च्या परीक्षेपासून दहावीला गणिताचे दोन स्तर ठेवले आहेत, अभ्यासक्रम एकच आणि प्रश्नपत्रिका दोन, आणि मूल कोणती देणार हे दहावीत ठरते. आपल्या मुलांनाही असा पर्याय मिळावा. मात्र तो आला तर निवड मुलाने दहावीत करायची आहे, शाळेने आठवीत नव्हे. नाहीतर ती पेन्सिल पुन्हा त्याच तुकडीवर चालेल.

मुलीच्या अर्जाच्या दुसऱ्या पानाची छायाप्रत आणि 41 पालकांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत. या पत्राचे उत्तर 15 दिवसांत लेखी द्यावे. आपण बोलावल्यास कोणत्याही दिवशी सकाळचे दूध संकलन आटोपून, म्हणजे साडेनऊनंतर, मी शाळेत येऊ शकते, आणि येताना तीन रकाने शाईने भरलेला मुलीचा नवा अर्ज घेऊन येईन.

आपली नम्र,
इयत्ता आठवीतील एका विद्यार्थिनीची आई